रिमोटचा सर्व्हर घरातच हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्ही, एसी, पंखे मोबाइलवरून चालवून देणारे जे ‘स्मार्ट रिमोट’ सध्या विकले जातात, त्यांतल्या अनेकांचा आदेश आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून आपल्या दिवाणखान्यात परत येतो. ब्रॉडबँड बंद पडले की दोन हातांवरचा एसीही ऐकत नाही, आणि कंपनीने सर्व्हर बंद केला तर वस्तू अडगळीत. घरातली उपकरणे चालवणारा रिव्हॉल्व्ह हब मे २०१६ मध्ये असाच निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय थांबले. घरातल्या घरात चालणारा छोटा वेब सर्व्हर स्वतः उभारणे हा यावरचा पक्का उपाय आहे.

लागणारे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात: ईएसपी ८२६६ चा नोडएमसीयू बोर्ड (वायफाय असलेला छोटा बोर्ड, सर्व्हर यावरच चालतो), ९४० नॅनोमीटरचा आयआर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा एलईडी, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, ३३ ओहम आणि १ किलोओहमचे रेझिस्टर, मूळ रिमोटचे संकेत नोंदवून घेण्यासाठी ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर आणि मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर. एलईडी थेट बोर्डाच्या पिनेला जोडू नये. ती पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते, त्यामुळे पल्ला हातभरही होत नाही. ५ व्होल्टपासून ३३ ओहममार्गे एलईडी, पुढे ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, एमिटर ग्राउंडला आणि बेस १ किलोओहममार्गे पिनेला, अशी जोडणी केली की सुमारे १०० मिलिअँपिअरचे स्पंद मिळतात आणि खोली पार होते. दुकानदार बहुधा बीसी ५४७ हातात ठेवतो. त्याची कमाल मर्यादाच १०० मिलिअँपिअर आहे, म्हणून बीसी ३३७ मागून घ्यावा.

रिसीव्हरच्या बाबतीतही जपावे. टीएसओपी १७३८ ला ५ व्होल्ट लागतात आणि बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून टीएसओपी ३८२३८ घ्यावा. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. एकाचा नकाशा पाहून दुसरा जोडला तर तो जळण्याचा धोका असतो. एलईडी पेटतो की नाही हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसते. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा हा प्रकाश अडवणारी गाळणी असते.

आता मुख्य अडचण एसीची. टीव्हीचा रिमोट प्रत्येक कळीला एक छोटा संकेत पाठवतो. एसीचा रिमोट मात्र बहुधा कोणतीही कळ दाबली तरी तापमान, मोड, पंख्याचा वेग अशी सगळी स्थिती एका लांब संदेशात पाठवतो. म्हणून ‘तापमान वाढवा’ ही कळ नोंदवून काही उपयोग नसतो: दर वेळी तोच आकडा जातो. ‘बंद’, ‘कूल २४, पंखा ऑटो’, ‘कूल २६, पंखा मंद’ अशी पाच-सहा पूर्ण जुळण्या नोंदवाव्यात, रोजच्या वापराला तेवढ्या पुरतात. काही एसींच्या संदेशात मध्येच ४० मिलिसेकंदांपर्यंत खंड असतो. आयआर-रिमोट-ईएसपी-८२६६ या मुक्त लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमसंचात) संदेश संपल्याचे मानण्याची मूळ मुदत १५ मिलिसेकंद असते; ती न बदलल्यास अर्धाच संकेत नोंदला जातो आणि एसी ढिम्म हलत नाही. ती मुदत ५० करावी आणि बफर (संदेश साठवण्याची जागा) १०२४ ठेवावा. ‘कोड बरोबर आहे, तरी चालत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी इथेच पाहावे.

बोर्डावरचा सर्व्हर मोबाइलच्या ब्राउझरला बटणांचे एक पान दाखवतो. त्या पानावरच्या बटणांचे आदेश पोस्ट पद्धतीने (बटण दाबल्यावरच पाठवले जातील असे) घ्यावेत, साध्या दुव्याने नव्हे. दुवा असेल तर ब्राउझर जुना टॅब पुन्हा उघडताना किंवा पत्ता टाइप करतानाच पान आधी मागवून ठेवतो, आणि मध्यरात्री टीव्ही आपोआप सुरू होतो. टीव्हीच्या चालू-बंदचा संकेत बहुधा एकच असल्याने हा घोळ चटकन उमगतही नाही. आयआर एकतर्फी आहे. उपकरणाने ऐकले की नाही हे सर्व्हरला कळत नाही. घरातल्या कुणी मूळ रिमोट वापरला की पानावरची स्थिती चुकते. रिसीव्हर कायम जोडून ठेवला तर तो संकेतही टिपता येतो, मात्र आपण स्वतः संकेत पाठवताना तेवढा वेळ ऐकणे थांबवावे.

उपकरण चालू आहे की बंद याची अशी खात्री नसल्याने गीझर, इस्त्री, पाण्याची मोटार या सर्व्हरला जोडू नयेत. शिवाय २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो आणि स्वस्त रिलेवर (बोर्डाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) १० अँपिअर लिहिलेले असते. ती मर्यादा रोज गाठत राहण्याची वस्तू नव्हे.

राउटरमध्ये बोर्डाचा आयपी पत्ता राखून ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर तो बदलू शकतो. बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो, हेही ध्यानात असू द्यावे. बाहेरून वापरायचे असेल तर बोर्डासाठी राउटरचा पोर्ट (बाहेरून थेट आत येण्याची वाट) कदापि उघडू नये. २०१६ च्या मिराई हल्ल्यात मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटरच हत्यार म्हणून वापरले गेले होते. घरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर त्यावर वायरगार्ड (सुरक्षित खासगी जोडणी देणारा व्हीपीएन प्रोग्रॅम) बसवून त्यातूनच आत यावे. त्यासाठी इंटरनेटवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता लागतो. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना तो मिळत नाही, तो मिळतो का हे आधी कंपनीला विचारावे.

हे सारे ज्याला जमते तो करेल, पण ज्याला जमत नाही त्याला खरेदीच्या वेळीच सत्य कळायला हवे. उपकरण इंटरनेटशिवाय चालते का, आणि सर्व्हर किमान किती वर्षे सुरू राहील, या दोन गोष्टी स्टार लेबलाइतक्याच ठळकपणे खोक्यावर छापण्याची सक्ती सरकारने करावी. आयआर संकेतांचा तक्ता माहितीपुस्तिकेत देण्याने तर कुणाचेच नुकसान होत नाही. आपल्या दैनिकाने हा प्रश्न ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे