गवंड्याच्या हजेरीची नोंद कोणी करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर परिसरातील फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, 13 वर्षे मोल्डिंगचे (वाळूचे साचे बनवण्याचे) काम करून 2020 च्या टाळेबंदीनंतर मी माझ्या मूळच्या गवंडीकामात परत आलो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून माझ्या ओळखीचे आणखी काहीजण असेच पुन्हा थापी-ओळंब्याकडे वळले आहेत. आमच्या कामाच्या दिवसांची नोंद कुठेच होत नाही आणि त्यामुळे बांधकाम कामगार म्हणून आमची नोंदणी अडते, हा आम्हा सर्वांना सतावणारा प्रश्न आपल्या पत्रामार्फत शासनापुढे मांडावा, या हेतूने हे लिहीत आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी वडिलांच्या हाताखाली काम शिकलो. आधी दोन वर्षे माल कालवणे आणि विटा भिजवणे, मग बांधकाम आणि शेवटी गिलावा, असा तो क्रम होता. 2007 साली हे काम सोडण्याचे कारण साधे होते. पावसाळ्यात काम बंद पडायचे आणि घरमालकाकडे अडकलेले पैसे दिवाळीपर्यंत हाती येत नसत. कारखान्यात पगाराची तारीख ठरलेली होती, भविष्य निर्वाह निधी कापला जात होता आणि माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी कर्मचारी राज्य विम्यामुळे दवाखान्याचा खर्च माझ्या अंगावर आला नाही. मी कायम कामगार कधीच नव्हतो, तीन ठेकेदारांच्या नावावर माझी वर्षे विभागली गेली आणि त्यातील पहिल्या ठेकेदाराकडील निधीचे खाते आजही पुढच्या खात्याशी जोडले गेलेले नाही. निवृत्तिवेतनासाठी 10 वर्षांची सेवा लागते, तेव्हा त्या खात्यातील वर्षे मिळतात की नाही यावर माझे पुष्कळ अवलंबून आहे. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की त्या 13 वर्षांत मी कामावर गेलो तो प्रत्येक दिवस कुठेतरी लिहिला गेला होता.

परत आल्यावर हात चालेल की नाही अशी धास्ती होती. हात चालला, आणि कारखान्याने शिकवलेले काही इथेही उपयोगी पडले. मोल्डिंगमध्ये साच्याची वाळू मुठीत दाबून पाहतात. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आणि गोळा मोडताना भुगा न होता नीट तुटला, तर ओलावा बरोबर आहे असे समजतात. आज बांधकामावर वाळू आली की मी नकळत तसेच करतो. बारीक वाळू थोडीशी ओली असेल तर तिचे आकारमान पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त फुगते. अशा वाळूची चार घमेली मोजली तरी प्रत्यक्षात वाळू तितकी पडत नाही, सिमेंटचे प्रमाण वाढते आणि गिलाव्याला बारीक तडे जातात. वडील हे अंदाजाने सांभाळायचे, त्यामागचे कारण मला फाउंड्रीत समजले.

मात्र मधल्या काळात हा व्यवसाय पुढे गेला होता, हेही मला किंमत मोजून कळले. मी काम सोडले तेव्हा आमच्याकडे लाल वीट हीच वीट होती. परतल्यानंतर दुसऱ्याच कामावर एएसी ब्लॉक, म्हणजे वजनाला हलके सच्छिद्र ठोकळे, आले. लाल विटेच्या सवयीने मी ते भरपूर भिजवले आणि बोटभर जाडीचा मालाचा थर देऊन रचले. त्या ब्लॉकवर नुसते पाणी शिंपडायचे असते आणि तयार चिकट मिश्रणाचा दोन-तीन मिलिमीटरचा सांधा पुरतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. दोन महिन्यांत त्या भिंतीच्या गिलाव्यावर सांध्यांच्या रेषा उमटल्या आणि मी तो गिलावा स्वखर्चाने काढून पुन्हा केला. परत येणाऱ्या गवंड्याला कामावरच चार-आठ दिवस नवे साहित्य हाताळायला शिकवण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी झाली, तर असे नुकसान टळेल. पण तो वेगळा विषय आहे.

माझा मुख्य मुद्दा नोंदीचा आहे. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली केंद्राने कायदा केला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि त्यातून आपल्या राज्यातील कल्याणकारी मंडळ मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी आणि कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबासाठी मदत देते. नोंदणीसाठी वय 18 ते 60 असावे आणि मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचे काम केलेले असावे, ही अट आहे. अट रास्त आहे आणि मी वर्षाला 90 पेक्षा कितीतरी जास्त दिवस काम करतो. अडचण ते सिद्ध करण्याची आहे. माझे दिवस एका ठेकेदाराकडे भरत नाहीत. एका घराचा गिलावा 18 दिवस, दुसरीकडे न्हाणीघराच्या फरशीचे 6 दिवस, तिसरीकडे कंपाउंडची भिंत 11 दिवस, असे दहा-बारा घरमालकांकडे मिळून ते भरतात. मी दाखल्यासाठी गेलो तेव्हा एका कार्यालयाने ठेकेदाराचा शिक्का मागितला आणि दुसऱ्याने, हे काम आम्ही पाहिलेले नाही, असे सांगून परत पाठवले. त्याच सुमारास, ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही अशा काहींची नोंदणी झाल्याचे मी जवळून पाहिले, कारण त्यांना शिक्का देणारे कोणीतरी होते.

यात आता आणखी एक गोष्ट आली आहे. 1996 च्या कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचे बांधकाम वगळले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 50 लाखांपर्यंत नेली आहे आणि 10 पेक्षा कमी कामगार असलेले काम आधीप्रमाणेच वगळलेले आहे. खेड्यातील आणि लहान शहरातील गवंडी बहुतांशी अशाच घरांवर, दोन गवंडी आणि तीन बिगारी एवढ्याच माणसांनिशी काम करतो. घरमालकाला उपकरातून सूट मिळण्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण घर बांधताना माणूस किती ओढाताणीत असतो हे मी रोज पाहतो. परंतु अशा घरांवर केलेले दिवस त्या 90 दिवसांत धरले जाणार की नाही, याचा स्पष्ट लेखी खुलासा राज्य शासनाने करावा. ते धरले गेले नाहीत, तर हाताने घरे बांधणारा सर्वांत मोठा वर्ग मंडळाच्या बाहेर राहील.

ते धरायचे ठरल्यास पुरावा कठीण नाही. बहुतेक बांधकामांना ग्रामपंचायतीची अथवा नगरपालिकेची परवानगी असते आणि तिला क्रमांक असतो. घरमालकाने त्या क्रमांकासह गवंड्याच्या वहीत कामाच्या तारखा लिहून सही करावी, अशा निरनिराळ्या घरमालकांच्या सह्यांचे दिवस एकत्र मोजावेत आणि शंका आल्यास संबंधित अधिकाऱ्याने त्या घरी जाऊन विचारावे. घर काही हलणार नाही आणि गिलावा कोणी केला हे शेजारीही सांगतील. साठी पूर्ण होण्याआधी सलग तीन वर्षे लाभार्थी राहिलेल्यालाच पुढील लाभांचा मार्ग 1996 च्या कायद्याने मोकळा ठेवला होता. माझ्या वयाच्या, म्हणजे सत्तेचाळिशीच्या गवंड्याला नोंदणी आज होते की साठी जवळ आल्यावर, यामुळे फार मोठा फरक पडतो.

मी 2021 पासून अशी वही ठेवली आहे. तारीख, गाव, कामाचा प्रकार, सोबतच्या बिगाऱ्यांची हजेरी आणि मिळालेली रक्कम तिच्यात लिहिलेली आहे, आणि बहुतेक पानांवर घरमालकांनी आनंदाने सह्या केल्या आहेत. ती घेऊन मी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या कार्यालयात यायला तयार आहे.

आपला,
एक गवंडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर