टॉवर कंपनीचा, पण रेंज कुणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेतातल्या रोहित्रातले ऑइल किंवा तांब्याची तार चोरीला गेली की सकाळी दहाच्या आत निम्मे गाव डीपीपाशी जमते. सरपंच महावितरणला फोन लावतो, कुणीतरी पोलीस पाटलाला बोलावून आणतो, रात्री कुणाची पिकअप फिरत होती याची चौकशी सुरू होते. त्याच गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या गेल्या, तर मात्र "कंपनीच्या गेल्या, कंपनी बघेल" एवढ्यावर विषय मिटतो. दूरसंचार खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, म्हणून हे पत्र.

टॉवरच्या पायथ्याशी असलेली यंत्रणा ४८ व्होल्टवर चालते. जुन्या पद्धतीच्या बॅटरी बँकेत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले असतात. वीज गेली की त्याच क्षणी या बॅटऱ्या भार उचलतात आणि मग जनरेटर सुरू होतो. चोर त्या नेतो शिशासाठी. बॅटऱ्या गेल्या की भारनियमनाच्या पहिल्याच मिनिटाला टॉवर बंद. आणि पुष्कळदा एका टॉवरवरून पुढच्या चार टॉवरना जोडणी गेलेली असते, म्हणजे एकाच्या बॅटऱ्या गेल्या तर शेजारच्या गावांचीही रेंज जाते. त्या गावांना तर आपला फोन का लागत नाही, हेही कळत नाही.

आमच्या तालुक्यात असे घडले तेव्हा मी रेशन दुकानासमोर उभा होतो. ई-पॉस मशीनवर आजीबाई अंगठा लावत होत्या, मशीन नुसते फिरत होते. दुकानदार मशीन हातात धरून रस्त्यावर आला, मग शाळेच्या ओट्यावर चढला. रोजगार बुडवून आलेल्या बाया पिशव्या घडी करून परत गेल्या. पंचनाम्यात मात्र बॅटऱ्यांची किंमत तेवढी लिहिली गेली. या बायांचा बुडालेला दिवस कुठल्याच कागदावर आला नाही.

"कंपनीचे नुकसान" या समजुतीचा सर्वांत मोठा दाखला पंजाबचा आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये कृषी कायद्यांविरुद्धचे आंदोलन भरात होते. एका बड्या उद्योगसमूहावरचा राग तिथे जिओच्या टॉवरवर निघाला. कुठे वीज तोडली, कुठे केबल कापली. पंजाब सरकारच्याच सांगण्यानुसार दीड हजारांहून अधिक टॉवरचे नुकसान झाले. तेव्हा करोनामुळे शाळा मोबाइलवर भरत होत्या. तत्कालीन मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी आधी विनंती केली आणि ती मानली गेली नाही तेव्हा पोलिसांना कारवाईचे आदेश दिले. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्या आंदोलनाबद्दल मला मनापासून आदर आहे. ते कायदे पुढच्या वर्षी मागे घेतले गेले ते दिल्लीच्या सीमेवर थंडीत आणि उन्हात वर्षभर ठाण मांडून बसलेल्या माणसांमुळे. तोडलेल्या टॉवरचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. त्या टॉवरखालच्या गावांतली मुले मात्र वर्गाबाहेर राहिली, आणि ती मुले शेतकऱ्यांचीच होती. शिवाय आज देशातले कितीतरी टॉवर स्वतंत्र टॉवर कंपन्यांचे असतात आणि एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना लटकलेले असतात. बोर्ड बघून राग काढणाऱ्याला आपण कुणाकुणाचा फोन बंद पाडतो आहोत, याची कल्पना नसते.

याबाबत शिकलेल्या देशांचेही फार कौतुक करू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये ५-जीमुळे करोना पसरतो या अफवेवर विश्वास ठेवून लोकांनी टॉवर पेटवले. बर्मिंगहॅममध्ये करोना रुग्णांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला सेवा देणारा टॉवरही त्यातून सुटला नाही.

आपल्या गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीच्या बाजूला माओवाद्यांनी टॉवर जाळले, ते पोलिसांना खबर जाऊ नये म्हणून. तिथे रेंजसाठी लोक टेकडीवर चढायचे. मोठ्या मुश्किलीने टॉवर उभा राहिला की तो जाळायचा, आणि बाळंतीण अडली तर १०८ ला फोन लावायला पुन्हा टेकडी गाठायची. गरिबांच्या नावाने लढणाऱ्यांनी गरिबांचाच फोन तोडला. याला दुसरे काही नाव मला देता येत नाही.

आमच्या नोकरीच्या काळात चोरी तांब्याची असे. शंभर पेअरची केबल म्हणजे दोनशे तारा. चोरट्याने कुऱ्हाडीच्या दोन घावांत तोडलेली ती केबल जोडायला आमचा जॉइंटर खड्ड्यात मांडी घालून बसायचा, वर छत्री, हाताला जेलीचा चिकटा, आणि रंग बघून एकेक जोडी जुळवायची. पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा. रात्र पडली तर कंदील लावून. चोरलेली केबल नदीपात्रात नेऊन जाळायचे, वरचे प्लास्टिक जळून तांबे उरायचे. तो काळा डाग कुठे पडला आहे हे पाहून आम्हाला चोरीचा माल कुठल्या वाटेने गेला ते कळायचे. आम्ही पोलिसांना सांगायचोही. पुढे काही होत नसे.

आता जमिनीखाली ऑप्टिकल फायबर आहे. त्यात काचेचा केसासारखा धागा असतो, तांब्याचा कणही नसतो. तरी तांबे समजून ती उकरली जाते, तोडली जाते, आणि उपयोगाची नाही म्हणून तिथेच टाकून दिली जाते. टॉवरच्या वर बसवलेले रेडिओ युनिट, ज्याला तंत्रज्ञ आरआरयू म्हणतात, तेही आता चोरले जाते. हे भुरट्या चोराचे काम नाही. उंच टॉवरवर चढून, नेमके नट सोडवून लाखो रुपयांचे यंत्र खाली उतरवणारा माणूस हे काम शिकलेला असतो. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या तेव्हा हा माल भंगारवाल्यांमार्फत परदेशात जात असल्याचे उघड झाले.

माझे म्हणणे इथेच येऊन थांबते. विकत घेणारा आहे म्हणून चोर आहे. शिशाचे दोन व्होल्टचे सेल कुणी घरातून भंगारात आणत नाही. त्यावर कंपनीचे नाव असते, अनुक्रमांक असतो. भंगारवाल्याला माल बघताक्षणी कळतो, आणि तरी तो वितळवला जातो. तालुक्याला भंगाराची दुकाने असून असून किती असतात? पोलिसांनी त्यांच्या नोंदवह्या महिन्यातून एकदा तपासल्या तरी निम्म्या चोऱ्या थांबतील, असे माझा अनुभव सांगतो.

कायदा कमी पडतो असेही नाही. १८८५ च्या तार कायद्यात तार यंत्रणेची जाणूनबुजून मोडतोड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या दूरसंचार कायद्याचे ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले आहे. त्यानुसार दूरसंचार जाळ्याचे नुकसान करणाऱ्याला भरपाई आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, अतिमहत्त्वाच्या यंत्रणेला हात लावला तर कैदही. ठाण्यात मात्र अजून साधी चोरी लिहिली जाते. ठाणे अंमलदाराला हे कलम माहीत असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि फक्त चोरांनाच बोल लावून भागणार नाही. रस्ता, गटार, पाइपलाइन यांच्यासाठी जेसीबी लावताना खाली कुणाची केबल आहे हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप यासाठीच आणले. बेधडक खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे ३००० कोटींचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने कामाचे बिल काढताना या ॲपवरची नोंद दाखवायला लावली, तर ठेकेदार ते एका दिवसात वापरायला शिकेल.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. टॉवरच्या चोरीच्या बातमीत ऐवजाची किंमत असतेच. त्यासोबत किती गावांचा संपर्क तुटला, किती तास तुटला, आणि तो माल विकत घेणारा पकडला गेला की नाही, हेही छापावे.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
ता. पाटोदा, जि. बीड