हवाई तळावरची घरे आणि खालची माती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बंद झालेल्या लष्करी हवाई तळांवर वसलेल्या वसाहतींविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. हँगरमधली (विमाने ठेवण्याच्या शेडमधली) बाजारपेठ आणि धावपट्टीच्या जागी झालेला सावलीचा रस्ता यांत लेखक इतके रमले आहेत की, खाली वाकून माती पाहण्याची सवड त्यांना मिळाली नसावी.

माझी मुलगी अशाच एका वसाहतीत राहते. तिच्याकडे मुक्कामाला असताना अंगणात एखादे फळझाड लावावे म्हणून मी कुदळ मागितली, तर जावयांनी खरेदीच्या कागदांचा गठ्ठाच पुढ्यात आणून ठेवला. ठरावीक खोलीपलीकडे खणायचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी, भूजल उपसू नये आणि खणलेली माती आवाराबाहेर नेऊ नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. फक्त ते परिशिष्टात होते आणि बारीक टाइपात होते. घर दाखवताना विकासकाच्या प्रतिनिधीने कोणते विमान कोठे उभे राहत असे हे मोठ्या अभिमानाने सांगितले होते म्हणे. त्या विमानांचे सुटे भाग कशाने धूत असत, एवढेच सांगायचे राहून गेले.

अनेक तळांवर ते ट्रायक्लोरोएथिलीनने धूत. हे द्रावक जमिनीत मुरले की भूजलापर्यंत पोहोचते आणि दशकानुदशके तेथेच राहते. कॅलिफोर्नियातील एल टोरो हा अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाचा तळ 1999 मध्ये बंद झाला, पण अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत तो 1990 पासूनच होता, कारण हे द्रावक तळाचे कुंपण ओलांडून बाहेरच्या भूजलात गेले होते. आग विझवण्याच्या सरावात फवारलेल्या फेसातील, सहजासहजी न विघटणाऱ्या पीएफएएस रसायनांची कथाही फारशी निराळी नाही. डेन्व्हरचा लॉरी तळ, ज्याला आपल्या लेखकांनी ‘आदर्श’ ठरवले आहे, 1994 मध्ये बंद झाला. घरे उभी राहत असताना 2003 मध्ये तेथील मातीत ॲस्बेस्टॉस हे कर्करोगकारक तंतुमय खनिज सापडले आणि सफाईचा खर्च कोणाच्या माथी, यावरून बांधकाम कंपन्यांना सरकारविरुद्ध न्यायालयात जावे लागले. या आदर्शाला लेखात दोन परिच्छेद मिळाले, ॲस्बेस्टॉसला एक शब्दही नाही.

अशा वसाहती होऊच नयेत असे मी म्हणत नाही. एवढी जमीन पडीक ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि मुलीचे घर प्रशस्त आहे हेही मान्य करतो. पण जी अट अंगणात कुदळ मारू देत नाही, ती विक्रीच्या पहिल्या पानावर असावी, परिशिष्टात नव्हे.

जाता जाता आणखी एक. लेखाला चिकटूनच एका गृहप्रकल्पाची रंगीत जाहिरात होती आणि दोहोंची भाषा इतकी सारखी होती की, लेख कोठे संपला हे मला चष्मा पुसूनही कळले नाही. मागे याच विषयावर मी पाठवलेले पत्र ‘जागेअभावी’ छापता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले होते. ती जागा कोठे गेली, हे आता समजले.

आपला,
एक नियमित वाचक