मशीनकडं नको, पायांकडं बघ

बेळगुंदी, ता. बेळगाव
शुक्रवार

चि. सुजाता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "आप्पा, मला झाडं कापायचं मशीन धरता येत नाही, मग मी ह्या झाडं पाडणाऱ्या लोकांवर देखरेख कसली करणार?" सांगायला लागलो तोवर तुझी रेंज गेली. त्या गुंजी-लोंढ्याकडच्या रानात फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलो. आई म्हणाली, व्हॉट्सअॅपवर टाका. फोटो काढून टाकतोच, पण कागदही बसमधून पाठवतो. तो जपून ठेव.

मशीन येत नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नकोस. देखरेख करणाऱ्यानं मशीनकडं नाही, पायांकडं बघायचं. मशीनची दातेरी साखळी हातपाय कापते, नाही म्हणत नाही. पण ह्या धंद्यात जीव जातो तो बहुतेक वेळा पडणाऱ्या झाडानं, वरून सुटलेल्या फांदीनं, नाहीतर उतारावरून घरंगळलेल्या ओंडक्यानं. म्हणजे माणूस नको तिथं उभा होता म्हणून. कोण कुठं उभा आहे हे बघायला तुला मशीन यायला नको.

मशीन सुरू व्हायच्या आधी पाडणाऱ्यानं झाडाभोवती एक फेरी मारलीच पाहिजे. ती मारल्याशिवाय मशीनची दोरी ओढू देऊ नकोस. झाडाचा कल एका बाजूनं बघून कळत नाही, काटकोनात दुसऱ्या बाजूनंही बघावा लागतो. शेंड्यात वाळकी फांदी लटकलीय का, बांडगूळ कुठल्या बाजूला जड झालंय, वेलींनी शेजारचं झाड बांधून ठेवलंय का, हे बघायचं. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, खोडावर ठोकायचं, आत ढोली असली तर आवाज भदभद येतो. आग्या मोहोळ तर शंभर वेळा बघून घ्यायचं. मग पळायची वाट. ती झाड पडणार त्याच्या बरोबर उलट दिशेला नसते, कारण पडताना बुंधा कधी कधी मागं उसळी घेतो. मागं आणि तिरकं, डावीकडं एक आणि उजवीकडं एक, अशा दोन वाटा. त्यातली कारवीची खुंटं, वेली, दगड आधी काढून टाकायचे. झाड कलायला लागलं की मशीन बंद करून त्याच वाटेनं निघायचं. पडतं कसं ते बघत तिथंच थांबायचं नाही. खोडापासून चार-पाच मीटर लांब जायचं आणि वरचं सगळं स्थिर होईपर्यंत परत यायचं नाही.

बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब राहायचं. वीस मीटरची निलगिरी असली तर चाळीस मीटर. तुझ्या पावलांनी एकदा मोजून बघ, लोक समजतात त्यापेक्षा ते खूप लांब असतं. आणि उतारावर एकाच्या खाली दुसरा कधीच नाही, मग तो जेवत असला तरी नाही.

आता तुला एक युक्ती सांगतो. सगळ्या झाडांपाशी तू उभी राहू शकणार नाहीस. म्हणून दुपारी टोळी जेवायला बसली की जमिनीत उरलेले बुंधे बघत फिर. झाड गेलं तरी पाडणाऱ्याची सही बुंध्यावर राहते. ज्या बाजूला झाड पाडायचं तिकडं आधी खाच घेतात, खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी खोल. मग पाठीमागून काप घेतात, पण आरपार नाही. मधे जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी ठेवतात, म्हणजे चाळीस सेंटीमीटरच्या खोडाला चार सेंटीमीटर. ती पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. तिच्यावर झाड वळतं आणि ठरवलेल्या जागी जातं. चांगल्या बुंध्यावर ही पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची दिसते आणि तिच्यातले तंतू उपटल्यासारखे वर आलेले असतात. बोट फिरवून बघ, कुसळासारखे टोचतील. तिथंच एखादा बुंधा ताटासारखा गुळगुळीत असला तर समज, त्या बाबानं सगळं कापून टाकलं. झाड कुठं पडायचं ते त्यानं ठरवलं नाही, वाऱ्यानं ठरवलं. पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी असली तर झाड पडताना फिरलं असणार. खाचेचे दोन काप एकमेकांना ओलांडून आत गेले असले तर बिजागरी आधीच कमजोर झालेली. असे दोन-तीन बुंधे एकाच माणसाचे निघाले की त्याला बाजूला घेऊन बोल. चारचौघांत बोलू नकोस. वयानं तो तुझ्या काकाएवढा असेल, तुला अक्का म्हणत असेल, पण सगळ्यांसमोर बोललीस तर उद्या हट्टानं तसंच करील.

निलगिरीचं वेगळं सांगतो. तिच्या लाकडात ताण भरलेला असतो. एका बाजूला चांगलीच झुकलेली निलगिरी मागून सरळ कापायला घेतली तर काप पुरा व्हायच्या आधी खोड उभं फाटतं आणि फाटलेला भाग मागं, छातीच्या उंचीवर उसळतो. तेव्हा माणसाला पळायला वेळच मिळत नाही. अशा झाडाला मशीनचं टोक खोडात घालून मधून काप घ्यायचा, पुढं बिजागरी आणि मागं एक पट्टा धरून ठेवायचा, तो पट्टा शेवटी तोडायचा. हे येणारा माणूस तुझ्या टोळीत आहे का ते आधी विचार. नसला तर ते झाड उभं राहू दे. उभं झाड कुणाला खायला येत नाही.

वळवाच्या वाऱ्यात मुळासकट उन्मळलेल्या झाडाचंही असंच. आडवं पडलंय म्हणजे मेलंय असं नाही. खोड कापलं की मुळांचा गड्डा मातीसकट धपकन परत खड्ड्यात बसतो. त्याच्यामागं सावलीला कुणी बसलेलं नाही ना, हे तू स्वतः जाऊन बघायचं.

सगळ्यात वाईट ते अडकलेलं झाड. आपल्या वरच्या आळीतला तो किराणा दुकानात गादीवर बसून असतो ना, त्याला तू कायम बसलेलाच बघितलायस. तो माझ्याबरोबर कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या रानात, कामाला होता. त्यानं पाडलेला किंजळ जाऊन ऐनाच्या फांदीत अडकला. दिवस मावळत आलेला, मजुरी टनावर. किंजळ खाली आल्याशिवाय त्याचा टन धरला जाणार नव्हता. मग त्यानं जे सगळे करतात तेच केलं, आधार दिलेला ऐनच कापायला घेतला. दोन्ही झाडं एकदम आली. ठेकेदारानं टेम्पो दिला, पुढं काही नाही, कारण रजिस्टरात त्याचं नावच नव्हतं. नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडं १९२३ साली झाला, पण तो माणूस कामावर होता हेच कुणाला दाखवता आलं नाही.

म्हणून दोन गोष्टी कर. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचं नाव लिहून घे, पूर्ण नाव, गावासकट, एका दिवसासाठी आलेल्या पोराचंही. ठेकेदार म्हणेल संध्याकाळी लिहू. संध्याकाळी नाही. दुसरी गोष्ट पैशाची. अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही, त्याचा बुंधा तुकडे करत कापायचा नाही, आधाराचं झाड तोडायचं नाही, त्याच्यावर दुसरं झाड पाडायचं नाही, हे टोळीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी जातात, कारण टनाचा हिशेब डोक्यात असतो. तू मालकाशी बोलून घे की अडकलेल्या झाडाभोवती दोरी बांधून ते सोडून दिलं तरी त्याचा टन धरला जाईल, आणि लांबून दोर-कप्पी लावून ट्रॅक्टरनं ओढून काढायला जेवढा वेळ जाईल त्याचे वेगळे पैसे मिळतील. हेल्मेटवर भाषण देण्यापेक्षा ह्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं मत. मालक कुरकुरेल. कुरकुरू दे की.

हेल्मेट नकोच असं मात्र नव्हे. जाळी आणि कानाची टोपणं असलेलं पाहिजे, मोटारसायकलचं चालत नाही. पायाला मशीनवाल्यांची खास पँट येते. तिच्यात लांब तंतू भरलेले असतात, साखळी लागली की ते ओढले जाऊन दात्यात गुंततात आणि साखळी जागीच थांबते. महाग आहे, तरी मशीन धरणाऱ्या प्रत्येकाला मागून घे. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, वर टोपणं लावलेली, म्हणजे तू मराठीत ओरड नाहीतर कन्नडमध्ये, कुणाला ऐकू येणार नाही. गळ्यात शिट्टी ठेव, आणि शिट्टी ऐकून मशीनवाल्याला हात दाखवायला एक माणूस त्याच्या समोर, पण लांब उभा कर. मशीन चालू असताना मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही. साखळी जिच्यावर फिरते त्या लोखंडी पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन तोंडाकडं उडतं. म्हणून डाव्या हाताचा अंगठा दांड्याला खालून वळसा घालून असावा, आणि मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही. अंगठा तुला लांबूनही दिसेल.

विजेच्या तारेजवळचं झाड असलं तर हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, लाईन बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत हात लावायचा नाही. मधे साग-शिसव आला तर वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघ. चोर्ला घाटातून गोव्याकडून येणारी स्वस्त दारूची बाटली दुपारच्या डब्यातून येते, हेही तुला माहीत असू दे. प्यायलेल्याला घरी पाठव, त्या दिवसाचा हजेरीचा वाद नंतर होईल.

रोज एक गाडी तोंड रस्त्याकडं करून उभी असावी आणि किल्ली गाडीतच. १०८ ला फोन लागतो ती जागा आधी शोधून सगळ्यांना दाखवून ठेव. रक्त उसळत असलं तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरायचं आणि अजिबात उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसलं तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळायचा आणि किती वाजता आवळला ते लिहायचं. खानापुरात थांबायचं की थेट बेळगाव गाठायचं हे तिथं उभं राहून ठरवत बसू नका, आजच ठरवून ठेवा.

तू म्हणालीस की मशीनमधून भुसा पिठासारखा पडतोय. म्हणजे साखळी बोथट झालीय. बोथट साखळीवर माणूस अंगाचा जोर देतो आणि जोर दिला की तोल जातो. साखळीवर नाहीतर पट्टीवर माप कोरलेलं असतं, त्याचा फोटो पाठव. कानस ४ मिलिमीटरची लागते की ४.८ ची ते त्यावरून कळेल. बेळगावात शनिवार खुटाच्या बाजारात जाऊन चार कानशी घेतो आणि सोमवारच्या बसनं ड्रायव्हरकडं देतो. आईनं सोबत चटणी दिलीय.

तुझा,
आप्पा