पाणथळ म्हणजे सांडपाण्याचा खड्डा नव्हे

संपादक महोदय,

सरकारी जमीन भाडेपट्ट्याने शेतीला दिली की खतांचं पाणी सरळ शेजारच्या पाणथळीत सोडतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. पाणथळ पाणी गाळते हे बरोबर आहे, चिखलातले जिवाणू खतातल्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात, पण खतातल्याच फॉस्फरसचं तसं होत नाही, तो गाळात साठत जातो आणि मग पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरते, काठी घालून बघा, खाली नुसता काळा वास मारणारा चिखल, ऑक्सिजन संपला की सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

चर खणून पाणथळच आटवायची, हे तर अजिबात नको, सुकलेला गाळ पुन्हा भिजला की तोच फॉस्फरस बऱ्याचदा परत पाण्यात येतो.

शेतकऱ्याला दोष देऊन काय होणार? पट्टा दोन-तीन वर्षांचा असेल तर शेतातून वाहणारं खताचं पाणी अडवणाऱ्या गवताच्या पट्टीवर तो खर्च का करेल? मुदत वाढवा, भाडं थोडं कमी करा, पण काठाला रुंद गवताळ पट्टी आणि पाणथळीच्या आधी गाळ बसायला छोटं तळं हे करारातच लिहून घ्या. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी तपासल्याशिवाय पट्टा रिन्यू करू नका.

- एक वाचक