डॉक्टर मॅडम, आईला म्हटलेल्या त्या एका वाक्यासाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

बाबांचा अल्सर भरून आला आहे आणि श्वासाच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सरला कारण ठरणारा जंतू आता आढळत नाही, हे आपण सांगितल्यापासून आपल्याला पत्र लिहावे असे रोज वाटत होते.

आपल्याकडे येण्यापूर्वी धंतोली आणि रामदासपेठेत आम्ही ज्यांच्या पायऱ्या चढलो, त्या सर्वांनी पोटातले आम्ल दाबणारी पँटोप्राझोल हीच गोळी दिली आणि ती लागू पडली नाही की दोष बाबांना दिला. एका ठिकाणच्या केसपेपरवर तर ‘पेशंट पथ्य पाळत नाही’ असे लिहिलेले आहे. ज्या माणसाने जन्मभर आवडीने खाल्लेले तर्री-पोहे सोडले आणि सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन अर्धा तास घड्याळाकडे पाहत काढला, त्याच्याविषयीचे हे वाक्य मला आजही सहन होत नाही. पुढे त्याच संशयाची झळ आईला लागली, कारण स्वयंपाक तिचा. तिने गोळाभात करणे बंद केले, फोडणीतून मिरची काढली, आणि तरीही बाबा रात्री छाती धरून उठून बसले की ती खालच्या आवाजात विचारायची, “आज भाजीत काही जास्त झालं का हो?”

आपण बाबांची जनुकीय तपासणी करायला सांगितली, तेव्हा आम्ही बिचकलो होतो. अहवाल आल्यावर आपण समजावलेत की यकृतातले सीवायपी२सी१९ नावाचे एन्झाइम या जातीच्या गोळ्या शरीराबाहेर काढण्याचे काम करते; बाबांना त्याच्या जनुकाचा अतिवेगवान प्रकार आईवडील दोघांकडूनही मिळाला असल्यामुळे गोळीचा अंमल बसण्याआधीच तिचा बराचसा भाग नाहीसा होत असावा, आणि आम्ल पुरेसे दबले नाही की जंतूवरची प्रतिजैविकेही नीट काम करत नाहीत. अशा रुग्णांना पँटोप्राझोलचा सुरुवातीचा डोस ५० ते १०० टक्के वाढवावा, असे २०२० सालापासून मार्गदर्शक सूचनांत आहे, हेही आपणच सांगितलेत. आपण मात्र या एन्झाइमवर कमी विसंबणारी, त्याच जातीची राबेप्राझोल निवडलीत आणि प्रतिजैविकेही बदललीत. पहिला उपचार जनुकामुळे फसला की जंतू औषधाला दाद देत नव्हता, हे खात्रीने सांगता येणार नाही, असे आपण मोकळेपणाने म्हणालात. त्या प्रामाणिकपणामुळे आमचा विश्वास अधिकच वाढला.

पण माझ्या मनात राहिले आहे ते दुसरेच. अहवाल मिटवून आपण खुर्ची वळवलीत आणि इतका वेळ मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या आईकडे पाहून म्हणालात, “काकू, तुमच्या हातच्या जेवणाचा यात काहीच दोष नाही.” आई काही बोलली नाही, पदराने डोळे पुसत राहिली, आणि आपण पुढच्या पेशंटला न बोलावता थांबलात. बाहेर बाक भरलेले होते, हे आपल्यालाही ठाऊक होते.

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जंतू वेगळा केला, २००५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तरीही अल्सर म्हटला की घरातल्या बाईच्या मसाल्याच्या डब्याकडे बोट दाखवणारे डॉक्टर या शहरात आहेत, याची मला चीड येते. ज्ञान तर त्यांच्याकडेही असेल. समोरच्या माणसाचे म्हणणे खरे मानून पुढचा प्रश्न विचारण्याची सभ्यता त्यांच्याकडे नव्हती, ती आपल्याकडे आहे.

जनुके बदलत नसल्यामुळे हा अहवाल जन्मभर उपयोगी पडेल, आणि पुढे कधी हृदयासाठी क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध द्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना तो आधी दाखवा, कारण ते औषध याच एन्झाइममुळे शरीरात कार्यान्वित होते, ही आपली सूचना आम्ही पाळू. बाबांच्या फाइलमध्ये तो सर्वांत वर लावला आहे. आईने आपल्याला घरी जेवायला बोलावले आहे. स्वयंपाक तीच करणार आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी, नागपूर