पाखराचा वाळा सापडला तर कोळ्याने भिऊ नये : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गेल्या माघात उरणच्या खाडीकाठी एका कोळीदादांनी खिशातून ॲल्युमिनियमचा एक वाळा काढून दाखवला. जाळ्यात अडकून मेलेल्या चिमुकल्या पाखराच्या पायातला. पाखरू त्यांनी तिथेच पुरलं होतं. वाळ्यावर क्रमांक होता आणि इंग्रजीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नाव. पक्ष्यांचा अभ्यास करणारी ही मुंबईची संस्था त्यांचा प्रवास कळावा म्हणून पायात असे वाळे घालून त्यांना सोडते. "कळवलं का नाहीत?" विचारलं, तर म्हणाले, "उद्या मीच मारलं म्हणतील." कधी सापडला? "दोन-तीन वर्सं झाली असतील."

साहेब, क्रमांकावरून पाखराला वाळा कुठे आणि कधी घातला ते कळतं. ते कुठे आणि कधी सापडलं, हे मात्र फक्त सापडणाराच सांगू शकतो. या दोन टोकांमधूनच स्थलांतराची वाट उमगते. आपल्या खाडीच्या चिखलावर हिवाळा काढणारा कर्ल्यू सँडपाइपर हा पक्षी जेमतेम ६० ग्रॅमचा. अंडी घालायला तो सैबेरियाच्या उत्तर टोकाला जातो. एवढ्या जिवावर उपग्रहाचं यंत्र लादणं कठीण, वाळा मात्र सहज पेलतो. पण वाळे घातलेल्या शंभर चिखलपक्ष्यांपैकी एखाद्याची खबर परत आली तरी नशीब म्हणायचं. म्हणून एकेक वाळा मोलाचा.

हे निव्वळ हौशी लोकांचं काम नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप, म्हणजे गोचिडांमुळे पसरणारा माकडताप, आला. तो पसरवणारे गोचीड पक्ष्यांबरोबर उत्तरेकडून आले असावेत, अशी शंका होती. त्यानंतर १९५९ पासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांना वाळे घातले. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हाही पक्षी कुठून येतात हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला, आनंद आहे. पण खाडीवर रोज उतरणारा माणूस कोळीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं नाव निघालं की तो गप्प होतो. जाणूनबुजून शिकार करणाऱ्याला सोडू नका. पण अपघाताने मेलेल्या पाखराचा वाळा आणून देणाऱ्याची चौकशी होणार नाही, एवढं मराठीत परिपत्रक काढा. ते प्रत्येक बंदरावर, मच्छीमार सोसायटीत लावा. त्यावर एक फोन नंबर छापा, आणि फोन उचलणारा माणूस आधी "धन्यवाद" म्हणेल असं बघा.

त्या वाळ्याचा क्रमांक मी कळवला आहे, तारखेची जागा कोरी ठेवून.

आपला,
उरणचा एक पक्षिनिरीक्षक